काशीला सोडलेलं दही

"माणसाचं मोठेपण तो काय मिळवतो यात नाही, तो काय सोडतो यात आहे," असं द्वारकाआत्या म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडात बुंदीचा लाडू होता.

लाडू नानांना भेटायला आलेल्या कुणीतरी आणलेला. नाना, म्हणजे माझे वडील, भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांना लाडू सोडाच, कोमट पाण्याचा घोटही सहन होत नव्हता. न्यूमोनिया बरा झाला होता. औषधांनी न्यूमोनिया घालवला आणि जाता जाता नानांचं तोंड आतून सोलून ठेवलं. जीभ, टाळू, गालाच्या आतली बाजू, सगळीकडे फोड. पेज दिली की डोळ्यांतून पाणी, दूध दिलं की ओकारी. धोतराची गाठ रोज थोडी आत सरकत होती.

डॉक्टर लढ्ढा दारात चपला घालत थांबले. "आजी, सोडलंय म्हणजे? मी दही म्हणालो. थंड, मऊ, पोटाला चांगलं. त्यात सोडण्यासारखं काय आहे?"

"काशीला सोडलंय दादानं," आत्या लाडू गिळून म्हणाली. "वहिनीनं न् दादानं, दोघांनी. गंगेत उभं राहून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अकोल्यात मे महिन्यात छताकडे पाहणाऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नाही.

"हे बघा मुकुंदराव," ते मला बाहेर घेऊन म्हणाले, "त्यांच्या पोटात काही जात नाहीये. सोमवारी येतो. तोवर काही खायला लागले नाहीत, तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी टाकावी लागेल. या वयात एकदा नळी लागली की..." वाक्य त्यांनी स्कूटरवर बसून किकने पूर्ण केलं.

आत आलो तर नाना कुशीवर वळून बघत होते. ऐकलं होतं त्यांनी सगळं.

"दही देऊ का थोडं?" मी विचारलं.

त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, दाराआडच्या आत्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "शब्द आहे," एवढंच म्हणाले, आणि त्या दोन शब्दांनीही तोंड दुखलं म्हणून डोळे मिटून घेतले.

नाना जिल्हा कोर्टात बेंच क्लार्क होते. जन्मभर लोकांना खरं बोलायची शपथ द्यायची आणि मग ते काय बोलतात ते ऐकत बसायचं, अशी नोकरी. अशा माणसाशी शब्दाबद्दल वाद घालता येत नाही.

काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत कडक आहे, पण पदार्थ निवडायची मुभा ज्याची त्याला असल्यामुळे तिचा त्रास सहसा कुणाला होत नाही. शेजारचे कोलते काशीला पेरू सोडून आले. त्यांना तेव्हा दात नव्हते. त्यांच्या मेहुण्यानं सफरचंद सोडलं, ते त्याला डॉक्टरांनी खायला सांगितलं होतं. अशा गल्लीत माझे आईवडील काशीहून परतले आणि गंगाजल घ्यायला आलेल्या बायकांनी भरलेल्या बैठकीत आईनं जाहीर केलं, "आम्ही दोघांनी दही सोडलं."

बैठक गप्प झाली. कारण नाना पुरणपोळीवरही दही घेत. साखरभातावर घेत. ताटात शेवटी दह्याची कवडी पडली नाही तर जेवण झालं असं ते मानत नसत. अशा माणसानं दही सोडलं. पुढे कित्येक दिवस बायका आईकडे आदरानं आणि नानांकडे हळहळीनं बघत होत्या, आणि आई कधी नव्हे ती पदर नीट खांद्यावर घेऊन दारात उभी राहायला लागली होती.

मग आमच्या घरातून दही गेलं. विरजणाचं भांडं माळ्यावर गेलं. रवी खुंटीवर लटकून राहिली. दह्यामागून ताक, कढी, श्रीखंड गेलं. तुपावर चर्चा झाली, कारण तूपही शेवटी दह्याचंच नातवंड. पण ते अग्नीतून जातं म्हणून आत्यानं त्याला सोडवलं. मी दही बाहेर खायला लागलो, लोक बाहेर इतर गोष्टी पितात तसं. आई गेली, तरी नेम राहिला.

आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला. माझी बायको वैजयंती यवतमाळला शाळेत होती, रविवारी यायची. मला तीन-चार गोष्टी येत. खिचडी, पिठलं, आणि आठवड्यातून निदान एकदा पडवळ. पडवळ हा भाज्यांमधला सरकारी कर्मचारी आहे. त्याच्यानं कुणाचं भलं होत नाही, आणि वाईट करायलाही तो जागचा उठत नाही. चिरायला सोपं, पोटाला हलकं. नाना ते निमूट खायचे. उन्हाळ्यात कारंज्याहून आत्या यायची, तीही त्यांना आग्रहानं वाढायची.

"दादा बरा झाला की पहिल्यांदा पडवळच घालू," ती त्याही दिवशी म्हणाली. "हलकं असतं."

नानांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी सकाळी वैजयंतीचा फोन आला. शाळेला सुट्टी असूनही ती पेपर तपासायला यवतमाळलाच अडकली होती.

"अहो, पुरवणीत आलंय. फ्रोजन योगर्ट. घरच्या घरी, झटपट, पौष्टिक. लिहून घ्या."

"योगर्ट म्हणजे दहीच ना?"

"मराठीत दही. तुम्ही मराठीत सांगू नका."

"वैजू, त्यांनी गंगेत उभं राहून शब्द दिलाय."

"आणि आपण सोमवारी त्यांच्या नाकात नळी घालणार आहोत. शब्द काय नळीतून आत जाणार आहे? तुम्ही आइस्क्रीम म्हणा. पाप लागलंच तर मला लागू दे, मी यवतमाळला आहे, मला सापडायला वेळ लागेल."

मी लिहून घेतलं. दही फडक्यात बांधून पाणी निथळायचं. त्यात फळाचा गर आणि मध घालून घुसळायचं. पसरट भांड्यात ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं, आणि अधूनमधून काढून ढवळायचं, म्हणजे बर्फाचे खडे होत नाहीत. थोडक्यात, श्रीखंडाला थंडी वाजवायची.

"झटपट" हा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांच्या घरी द्वारकाआत्या नसणार.

गल्लीतल्या डेअरीत दही मागणं शक्य नव्हतं. आमच्या घरातला नेम त्या डेअरीवाल्याला माझ्यापेक्षा पाठ होता. एकदा वैजयंतीनं पाहुण्यांसाठी दही मागितलं, तर तो म्हणाला होता, "ताई, तुमच्या घरी तं चालत नाही ना? आजोबाले माहीत आहे काय?" म्हणून मी उन्हात सायकल हाणत पार जठारपेठेत गेलो, आणि दह्याचं मडकं टॉवेलात गुंडाळून, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून घरी आणलं. रस्त्यात कोलते भेटले. "काय विशेष?" म्हणाले. मी मेथी म्हणालो. मेच्या उन्हात मेथीसाठी जठारपेठेत जाणारा माणूस त्यांना वेडा वाटला असावा, पण धर्मबुडवा वाटला नाही, हे महत्त्वाचं.

आत्या जेवून आडवी झाली तसं मी नानांच्या जुन्या पंच्यात दही बांधून मोरीतल्या नळाला टांगलं. गाठोड्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून होतो. आठवडाभर नीट झोप नव्हती. बसल्या बसल्या डोळा लागला, आणि जागा झालो तेव्हा आत्या समोर उभी होती.

"हे काय टांगलंस?"

"पनीर."

"कशाला?"

"डॉक्टर म्हणाले."

आत्यानं गाठोडं बोटानं दाबून पाहिलं. "आंबूस वास येतोय."

"पनीरला येतो."

आत्याच्या आयुष्यात पनीर कारंज्याच्या एका लग्नात फक्त एकदा आलं होतं, त्यामुळे तिला उलट बोलता येईना. "डॉक्टरांचं काही खरं नाही," म्हणून ती चहाला लागली. मी घाईघाईत चक्का सोडवला. अजून ओला होता, पण तिनं आणखी एकदा हुंगायच्या आत तो वाडग्यात जायला हवा होता. दोन हापूसचा गर काढला. मध नानांच्या काढ्याच्या बाटल्यांमधे सापडला. घुसळायला काही मिळेना, तेव्हा खुंटीवरून आईची रवी काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. धुतली, पुसली आणि वाडग्यात घातली.

"रवी कशाला काढलीस?" आत्या स्वयंपाकघरातून.

"वरण घोटायला."

"आंब्याचा वास येतोय."

"आंबाही आहे."

"वरणात?"

"आत्या, चहा उतू जातोय."

चहा खरंच उतू गेला. देव असतो, असं मला त्या एका क्षणी वाटलं. नंतर पुन्हा वाटलं नाही, कारण सगळं एका थाळीत ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं आणि लाईट गेली.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक पेपरात येई, आणि वीज ते न वाचता जाई. कूलर थांबला. घर तव्यासारखं तापायला लागलं. नानांच्या उशाशी बसून मी त्यांना पुरवणीनं वारा घालत राहिलो. वैजयंतीनं वाचलेलीच पुरवणी, आमच्याकडेही येत असे. वारा घालताना चित्रातला काचेचा पेला, त्यातला पिवळाधमक गोळा आणि वरचं पुदिन्याचं पान नानांच्या नाकासमोरून येत-जात होतं. नाना डोळे किलकिले करून बघत होते.

"मुकुंदा," आत्या म्हणाली, "थोडा बर्फ काढ रे. दादाच्या कपाळावर ठेवू."

"फ्रीज उघडायचा नाही आत्या. लाईट नाही. आतली थंडी बाहेर येईल."

"आत आहे काय एवढं?"

"थंडी."

आत्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तूही झोप घे जरा बाबा. वहिनी असती तर तुझी दशा बघून रडली असती."

आई रडली नसती. आईनं आधी रवी का ओली आहे ते विचारलं असतं.

ऊन कलता कलता वीज आली, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं मी थाळी बाहेर काढली. पुरवणीत म्हटल्याप्रमाणे ते काही मखमलीसारखं झालं नव्हतं. कडेला दगड, मधे चिखल. बर्फाचे खडे चमच्याला लागत होते. रवीच्या दांड्यानं ते फोडून मी एका वाटीत भरलं आणि नानांच्या खोलीत गेलो. आत्या पायथ्याशी वाती वळत बसली होती.

"नाना, थोडं आइस्क्रीम घ्या."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. "कशाचं?"

"आंब्याचं."

"आणि?"

कोर्टातला माणूस. "आणि" हा प्रश्न ते कधी सोडत नसत.

"आंब्याचंच," मी म्हणालो. माझा हात थरथरला असावा, कारण चमचा वाटीवर वाजला.

नानांनी तोंड उघडलं. मी पहिला चमचा जिभेवर ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मिटलेले डोळे तसेच मिटलेले राहिले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ओकारी आली नाही. डोळ्यांतून पाणी आलं नाही. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. आत्याच्या वाती थांबल्या.

"बघू, काय केलंयस एवढं," म्हणून तिनं वाटीतून बोटानं थोडं उचललं आणि चाटलं.

"आंबट आहे रे हे."

"आंबा आंबट निघाला."

"हापूस? आंबट? आणि हा वास कसला..." तिनं पुन्हा वाटीकडे बोट नेलं. "मुकुंदा, खरं सांग. यात तू..."

"द्वारके," नाना म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज नीट बाहेर आला. "आंबा आंबटच आहे. मी खातोय ना?"

"अरे दादा, पण..."

"आंबटच आहे. तू दिवा लाव जा. वेळ टळतेय."

कोर्टात खालच्या आवाजात "पुढे" म्हणायचे तसंच ते म्हणाले. आत्या उठली. जाताना बोट पुन्हा एकदा चाटून बघत गेली. देवघरातून घंटीचा आवाज यायला लागला तसं नाना म्हणाले, "दार लोट."

मी दार लोटलं.

"चक्का नीट निथळू दिला नाहीस. पाणी राहिलंय. म्हणून बर्फ लागतोय दाताला."

मी वाटी धरून उभाच राहिलो.

"बस. दे अजून. तोंड बधिर झालंय, बरं वाटतंय. बोलता येतंय."

"नाना, मला माफ करा. डॉक्टर नळीचं म्हणाले, म्हणून. तुमचा नेम मी..."

"माझा कसला नेम?"

"दह्याचा. काशीचा."

नानांनी चमचाभर खाल्लं. घाई नव्हती त्यांना. "दही तिनं सोडलं होतं. ती आधी पाण्यात उतरली. गुरुजी म्हणाले, आवडीचं सोडा. तर दही म्हणाली. तिला माझ्याहून जास्त आवडायचं. तुम्हाला कुणाला माहीत नव्हतं, कारण वाढताना तिच्यापर्यंत उरायचंच नाही."

"आणि तुम्ही?"

"मग माझी पाळी. पाणी थंड होतं. मागे रांग होती. मी म्हणालो, पडवळ."

देवघरातली घंटी थांबली. नानांनी कान दिला. आत्याचं स्तोत्र सुरू झालं तसे पुन्हा बोलायला लागले.

"तुझी आई मुगलसरायला गाडी बदलेपर्यंत बोलली नाही माझ्याशी. म्हणे, गंगेला फसवलंत. पडवळ तुमच्या घशाखाली उतरत नाही म्हणून मी कधी घरात आणलं नाही, आणि तेच सोडलंत. बरोबर होतं तिचं. मग घरी आलो. बायका जमलेल्या. कुणीतरी विचारलं, काय सोडलंत? आणि ती म्हणाली, आम्ही दोघांनी दही सोडलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता भर बैठकीत तिची साक्ष खोटी कशी पाडायची?"

"पण नंतर सांगायचं नाना. वर्षं गेली."

"कुणाला सांगू? लोक तिला किती मानायला लागले होते, बघितलंस ना? जन्मभर तिला मिरवायला मी दुसरं काय दिलं होतं? बेंच क्लार्कची बायको. एक त्याग मिळाला होता नवऱ्याचा, तोही तिनंच केलेला. मिरवू दे म्हटलं."

"आणि ती गेल्यावर?"

"गेलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही."

फोटोतली आई समोर बघत होती. नानांनी तोंड उघडलं, मी चमचा दिला. वाटीचा तळ दिसायला लागला होता.

"डॉक्टरांसमोर मग का नाही म्हणालात? नुसतं हो म्हटलं असतं, तरी..."

"द्वारकी दारात होती. दही म्हणून दिलं असतंस तर नसतं खाल्लं. नळी चालली असती. आइस्क्रीम म्हणालास, सोय झाली." मग जरा थांबून, "तू चांगलं खोटं बोलत नाहीस. हात हलतो. तुझ्या आईचा नाही हलायचा."

मला हसू यायला हवं होतं. पण मी फार दमलो होतो. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"नाना. पडवळ."

ते वाटीच्या तळाकडे बघायला लागले.

"मी दर आठवड्याला करतो. तुम्ही खाता. गंगेत उभं राहून सोडलेलं."

"खातो."

"नको म्हणायचंत!"

"नको म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, का. मग त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं." त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि कडेचं स्वतःच्या बोटानं पुसून खाल्लं. "काशीचं मी वर गेलो की बघून घेईन. उद्या परत कर हे. पंचा दोनदा पिळ. आणि रवी जागेवर ठेव, द्वारकीला शंका आलीय."

सोमवारी डॉक्टर आले आणि नळी लागली नाही. "दही दिलंत ना शेवटी?" त्यांनी विचारलं, तर आत्या म्हणाली, "छे! आइस्क्रीम. माझ्या भावानं मरणाच्या दारात दह्याला तोंड लावलं नाही." हीच गोष्ट ती पुढे कारंज्यात, लग्नामुंजीत, बसस्टँडवर सांगत राहिली. नाना बरे झाले, त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि उन्हाळा असो की थंडी, रोज संध्याकाळी आंबट आंब्याचं आइस्क्रीम खात राहिले. आंबे नसत तेव्हा ते केळ्याचं असे. तेही आंबटच निघे. आत्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, मात्र ती आली की वाटी दोन लागत.

त्या शनिवारी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मी रिकामी वाटी विसळली, रवी पुसून खुंटीवर लावली आणि उरलेली थाळी ठेवायला फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात आत्यानं दुसऱ्या दिवसासाठी पडवळ चिरून ठेवलं होतं.